मतपेटी काय सांगते आणि काय सांगत नाही

निवडणुकीचा निकाल लागला की त्याचा अर्थ लावण्याचा उद्योग दुसऱ्याच दिवसापासून गावोगाव सुरू होतो. अमक्या समाजाने एकगठ्ठा मते दिली, तमक्या वस्तीत आदल्या रात्री पैसे वाटले गेले, बायकांनी घरातल्या पुरुषाच्या सांगण्यावरून शिक्का मारला, शिकलेले लोक घरी बसले म्हणून असे झाले, अशी विधाने चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत सारख्याच खात्रीने केली जातात. ही विधाने खोटीच असतात असे नाही, पण ती करणाऱ्या गृहस्थाला “आपण हे कोणाला विचारले?” असा प्रश्न केला, तर बहुधा तो विषय बदलतो. मतदाराविषयी सगळेच बोलतात; मतदाराशी बोलणारे थोडे. त्या थोड्यांनी गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एक शास्त्र उभे केले आहे. ते कसे चालते, त्याने काय शोधले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मतपेटी, किंवा आजचे मतदानयंत्र, आपल्याला एवढेच सांगते की अमक्या उमेदवाराला इतकी मते पडली. ती कोणी दिली आणि का दिली, हे ते सांगत नाही; आणि सांगू नये म्हणूनच ते तसे बनविलेले आहे. गुप्त मतदान हा दुबळ्या माणसाचा आधार आहे. सावकार, मालक, पाटील किंवा पुढारी यांच्या डोळ्याआड त्याला एक क्षण स्वतःच्या बुद्धीने वागता यावे, ही त्यातली योजना. म्हणजे ज्या गुप्ततेमुळे मतदार स्वतंत्र होतो, तिच्यामुळेच त्याच्या मनातले कारण अभ्यासकापासून झाकले जाते. हे कारण जाणून घ्यायचे तर एकच सरळ मार्ग उरतो: मतदाराला विचारणे, आणि त्याच्या गुप्ततेला धक्का न लावता विचारणे.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, हे या सत्याग्रहाचे खंदे सूत्रधार. मंदिराचे दार त्या वेळी उघडले नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्याच दादासाहेबांना नाशिकच्या मतदारांनी लोकसभेवर पाठविले. ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते आणि फेडरेशन त्या वेळी संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते.

आता याचा अर्थ काय? केवळ दलित मतांच्या बळावर ते निवडून येणे शक्य नव्हते. म्हणजे मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर ज्यांची घरे विरोधात किंवा मौनात होती, त्यांतल्याही पुष्कळांनी त्यांना मत दिले असले पाहिजे. ते का दिले? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जातीच्या भिंतीवर मात केली म्हणून? की दादासाहेबांचे कार्य लोकांना पटले म्हणून? की काँग्रेसवरचा राग कोणाच्या तरी पारड्यात टाकायचा होता म्हणून? १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण येथूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि मतदाराला मतदानकेंद्रापर्यंत जाण्याचे कारणच उरले नाही. या घटनाक्रमावरून भाषिक राज्याचा प्रश्न सुटताच समितीची लाट ओसरली, असा तर्क करता येतो, आणि तो सयुक्तिकही आहे. पण तर्क तो तर्कच. शंभर मतदारांपैकी कितींच्या मनात काय होते, हे आकड्यांच्या रकान्यांवरून आज कोणालाही सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ‘नाशिककर एकाच माणसाला दुसऱ्यांदा खासदार करीत नाहीत’ असे पुष्कळ वर्षे म्हटले जात असे. १९७७ पासून २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी नवा खासदार निवडून आला, तेव्हा या म्हणण्याला आधार होताच. २०१९ मध्ये हेमंत गोडसे लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आले आणि ती परंपरा तुटली. २०२४ मध्ये त्यांचाही पराभव झाला. परंतु अभ्यासक येथे एक उपप्रश्न विचारील: मावळत्या खासदाराला पुन्हा उमेदवारी तरी मिळाली होती काय? २००४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे देविदास पिंगळे निवडून आले. २००९ साली त्याच पक्षाने समीर भुजबळ यांना उभे केले आणि तेही निवडून आले. २०१४ साली पक्षाने पुन्हा उमेदवार बदलून छगन भुजबळ यांना उभे केले. म्हणजे २००९ साली मतदाराने पक्ष कायम ठेवला होता. माणूस बदलला तो पक्षाने. आपण मात्र त्याची नोंद ‘नाशिककरांचा स्वभाव’ या खात्यावर केली. लोकप्रिय समजुतीला असा एक साधा प्रश्न विचारण्यापासूनच निवडणुकांच्या अभ्यासाचा प्रारंभ होतो.

या अभ्यासाची पद्धत प्रथम अमेरिकेत रुळली. तेथे १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या प्रसिद्ध साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुन्याच्या मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे लँडन निवडून येणार, असे साप्ताहिकाने सांगितले. प्रत्यक्षात अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले. चूक कोठे झाली? साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरीब माणसापाशी टेलिफोनही नव्हता, मोटारही नव्हती. शिवाय ज्यांनी उत्तर पाठविण्याची तसदी घेतली, ते न पाठविणाऱ्यांसारखेच होते असेही नव्हे. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून पुष्कळ कमी लोकांना विचारून विजयी उमेदवार बरोबर सांगितला.

शितावरून भाताची परीक्षा ही आपल्याकडची म्हण येथे तंतोतंत लागू पडते. भांडे लहान असो की लग्नघरातले मोठे पातेले असो, परीक्षेला दोन-चार शितेच पुरतात. पण ती सगळीकडची हवीत. वरचेवर घेतलेली मूठभर शिते तळचा भात करपला आहे की नाही ते सांगणार नाहीत. गणिताच्या भाषेत सांगायचे तर, यादीतल्या प्रत्येक नावाला निवडले जाण्याची सारखी संधी ठेवून हजार मतदार काढले, तर त्यांच्या उत्तरांतली टक्केवारी साऱ्या लोकसंख्येतल्या टक्केवारीपासून साधारणपणे तीन टक्क्यांहून अधिक ढळत नाही. मग लोकसंख्या एका जिल्ह्याची असो की सबंध देशाची असो. विचारलेल्यांची संख्या केवढी, यापेक्षा ते कसे निवडले, याला अधिक महत्त्व आहे.

१९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातील ईरी या एका जिल्ह्यात गेले आणि मे ते नोव्हेंबर या काळात त्याच सहाशे लोकांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. प्रचाराच्या धुमाळीत मतदार सारखा इकडून तिकडे हेलकावतो, अशी त्या वेळची समजूत होती. आढळले ते असे की, प्रचारामुळे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले लोक फारच थोडे होते. बहुतेकांचे आधीचे मत प्रचाराने पक्के झाले, किंवा निजलेले होते ते जागे झाले. दुसरे असे की, रेडिओ आणि वृत्तपत्र यांपेक्षा ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचे बोलणे अधिक परिणाम करून गेले. सभेपेक्षा ओट्यावरची बैठक भारी, हे आपल्या कार्यकर्त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. या अभ्यासाने ते मोजून दाखविले.

हे शास्त्र आपल्याकडे आले ते प्रौढ मतदानाच्या पाठोपाठ. स्वातंत्र्यापूर्वी मत देण्याचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. संविधानाने त्या अटी काढून टाकल्या. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात सुमारे सतरा कोटी मतदार होते आणि साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. निरक्षर माणसाला मत काय कळणार, असे म्हणणारे देशात आणि परदेशात पुष्कळ होते. तो प्रश्न वादाने सुटणारा नव्हता. तपासून पाहण्याचा होता.

महाराष्ट्रात हे काम अंगावर घेणाऱ्यांत पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एम. सिरसीकर हे अग्रणी होत. तोवर आपल्याकडे राज्यशास्त्र म्हणजे मुख्यतः संविधानांचा आणि राजकीय तत्त्वज्ञांचा अभ्यास. सिरसीकरांनी १९६२ ची निवडणूक अभ्यासाला घेऊन पुण्याच्या मतदारांचे वर्तन पाहिले आणि त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७० मध्ये ग्रामीण नेतृत्वावरचा, तर १९७३ मध्ये निवडणूक-प्रक्रियेवरचा त्यांचा आणखी एक ग्रंथ आला. या शेवटच्या ग्रंथाला त्यांनी ‘सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स’, म्हणजे मुकुट नसलेले सार्वभौम, असे नाव दिले. मतदाराला एकाच वेळी राजा म्हणायचे आणि मूर्खही समजायचे, या आपल्या दुटप्पी सवयीवर त्या नावाने अचूक बोट ठेवले आहे.

याच सुमारास, १९६३ साली, रजनी कोठारी यांनी दिल्लीत विकसनशील समाज अध्ययन केंद्राची स्थापना केली आणि १९६७ च्या निवडणुकीपासून केंद्राने देशव्यापी पाहण्या हाती घेतल्या. मधल्या काळात खंडित झालेले हे काम १९९० च्या दशकात ‘लोकनीती’ या उपक्रमातून पुन्हा उभे राहिले; योगेंद्र यादव आणि पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीनंतरच्या पाहणीत सुमारे चोवीस हजार मतदारांना विचारण्यात आले.

ही पाहणी कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथम मतदारसंघ, मग त्यांतली मतदानकेंद्रे, आणि शेवटी त्या केंद्रांच्या मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे काढली जातात. पाहणी करणारा विद्यार्थी त्याच नावाच्या माणसाचे घर शोधीत जातो. तो भेटला नाही म्हणून शेजाऱ्याला विचारून काम उरकता येत नाही. मतदान झाल्यावर आणि मोजणीच्या आधी ही भेट होते. ‘तुम्ही कोणाला मत दिले?’ हा नाजूक प्रश्न आला की मतदाराच्या हाती पक्षांची चिन्हे छापलेली एक खोटी मतपत्रिका दिली जाते. त्याने खूण करावी, घडी घालावी आणि जवळच्या छोट्या पेटीत टाकावी. विचारणाऱ्यालाही ते दिसत नाही. ही प्रश्नावली घरातल्या बाईची असेल, तर तिची उत्तरे नवऱ्याने किंवा सासऱ्याने देऊ नयेत म्हणून विद्यार्थ्याला नम्रपणे पण नेटाने प्रयत्न करावा लागतो. पुष्कळदा ‘तिला काय विचारता, मला विचारा’ हे पहिले उत्तर असते. तेथे थांबला तो निवेदन घेऊन येतो, पाहणी करून येत नाही.

एवढ्या खटाटोपातून निघाले काय? अनेक ठाम समजुती सैल झाल्या. पाश्चात्त्य देशांत साधारणतः शिकलेला आणि सुस्थितीतला माणूस अधिक मतदान करतो. आपल्याकडे १९९० च्या दशकातील पाहण्यांत असे दिसले की गरीब, दलित आणि ग्रामीण मतदार हे शहरातल्या सुस्थित वर्गापेक्षा मतदानाला अधिक उत्साहाने जातात. ज्याला मताची किंमत कळत नाही असे आपण समजत होतो, तोच रांगेत उभा होता.

स्त्रियांची गोष्ट अशीच. पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या प्रांतांत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. १९६२ मध्ये देशात पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ४७ टक्के होते. २०१९ मध्ये दोन्ही आकडे ६७ टक्क्यांच्या घरात आले आणि लोकसभेच्या निवडणुकीत प्रथमच स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. नाव सांगायला लाजणारी आई आणि रांगेत पुढे असलेली नात यांच्यामध्ये अवघी दोन पिढ्यांची वाट आहे.

जातीविषयी काय? जात निवडणुकीत नाही असे कोणीही अभ्यासक म्हणणार नाही. पण कोठारींनी १९७० साली संपादित केलेल्या ग्रंथात मांडलेला विचार अजूनही उपयोगी आहे: जात राजकारणाला वापरते तसे राजकारणही जातीला वापरते, आणि त्या व्यवहारात जातीचे रूप पालटते. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी प्रमुख दोन्ही उमेदवार एकाच समाजाचे असतात. मग त्या समाजाच्या मतदाराने कोणत्या कसोटीने निवड केली? ‘जात’ हे उत्तर तेथे अपुरे पडते. पीक, पाणी, कांद्याचा भाव, सोसायटीचे कर्ज, पक्षाविषयीची निष्ठा, उमेदवाराची वागणूक ही सगळी विचारात घ्यावी लागतात. वस्तीच्या एकूण आकड्यावरून तीत राहणाऱ्या व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे तर फारच धोक्याचे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली दाखविले की, अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले लोक अधिक, त्या राज्यांत साक्षरता अधिक. परंतु परदेशी जन्मलेली व्यक्ती मात्र इतरांहून कमी साक्षर. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ. ‘त्या केंद्रावर अमका समाज जास्त, म्हणून ती मते त्यांचीच’ या आपल्या नेहमीच्या हिशेबात नेमकी हीच चूक दडलेली असते.

पैशाविषयीही असेच. सायमन शोशार या अभ्यासकाने मुंबईतील निवडणुकांविषयी २०१८ मध्ये असे मांडले की, पैसे घेतलेला मतदार मत देईलच याची खात्री उमेदवारांना स्वतःलाही नसते. प्रतिस्पर्धी वाटतो म्हणून आपणही वाटले पाहिजे, या धाकाने वाटप चालू राहते. याने लाच निर्दोष ठरत नाही. पण ‘गरिबाचे मत विकले गेले’ हा निवाडा मात्र पुराव्यावाचून राहतो. पैसा घेणे आणि मत देणे यांच्यामध्ये गुप्त मतदानाचा पडदा उभा आहे.

या शास्त्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मतदाराने का मत दिले हे शोधणे वेगळे आणि कोणाच्या किती जागा येतील याचे भाकीत करणे वेगळे. दूरचित्रवाणीवर गाजतात ती भाकिते. २००४ मध्ये ती फसली. २०२४ मध्येही बहुतेकांनी सत्तारूढ आघाडीला प्रचंड बहुमत दिले होते. प्रत्यक्षात तिला २९३ जागा मिळाल्या. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी. त्यामुळे मतांतला थोडासा फरक जागांत मोठा होतो. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दोन आघाड्यांच्या मतांत जेमतेम अंतर होते, पण ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या. अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. जागांचा आकडा पाहून ‘महाराष्ट्राचे मन फिरले’ असे दोन्ही वेळा म्हटले गेले. किती मन फिरले आणि किती गणित फिरले, हे वेगळे काढण्यासाठीच पाहणी हवी. शिवाय माणूस खरे सांगेलच असे नाही. जिंकणाऱ्याला मत दिले असे सांगण्याचा मोह असतो, आणि भीती असेल तेथे मौन असते.

ही भीती आज एका नव्या वाटेने येते. मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्र निघतो आणि तो जाहीरही होतो. केंद्रावर हजार-दीड हजार मतदार. म्हणजे कोणत्या गल्लीने, कोणत्या पाड्याने साथ दिली नाही हे निवडून आलेल्याला घरबसल्या कळते. मग त्या पाड्याचा रस्ता आणि नळ मागे राहिला तर नवल नाही. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने सुचविले आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. ते अद्याप अमलात आलेले नाही. व्यक्तीचे मत गुप्त आणि वस्तीचे मत उघडे, अशी ही विचित्र अवस्था आहे. पाहणी करणारा मतदाराची संमती घेऊन विचारतो आणि नाव झाकून ठेवतो. केंद्राचा आकडा कोणालाही न विचारता वस्तीकडे बोट दाखवितो. या दोन ज्ञानांतला फरक नागरिकांनी ओळखला पाहिजे.

तात्पर्य असे की, निकालावर बोलण्याचा अधिकार सर्वांना आहे, पण मतदाराच्या हेतूवर निवाडा देण्यापूर्वी थोडे थांबावे. ‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. परंतु पूर्वी मताचा अधिकार मूठभरांपुरता ठेवण्याचे समर्थन याच वाक्याने केले जात असे, आणि आजही अधूनमधून शिक्षणाची अट घालावी असे सुचविणारे याच वाक्यापासून आरंभ करतात. पुढच्या निवडणुकीनंतर एखादा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला बसायला सांगावे, घरातल्या ज्या व्यक्तीचे नाव त्याच्या यादीत आहे तिलाच बोलू द्यावे, आणि आपण तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जावे.